बीएस ३८७१, टाइप टू

ऑफिसात मला सगळे ‘फ्यूजवाले काका’ म्हणायचे. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की फ्यूजवाले. मला दोन्ही ऐकू यायचं.

बावीस वर्षं आखातात इलेक्ट्रिशियनची नोकरी करून मी बोरिवलीला परत आलो. सहा महिन्यांत घरातला एकेक स्विचबोर्ड उघडून, स्क्रू आवळून, परत लावून झाला. मग मी सोसायटीच्या मीटररूमकडे वळलो, तेव्हा बायकोने हात जोडले. “तुमी खंय तरी कामाक जावा. नायतर मी जातंय.”

काम मिळालं अंधेरीला, आणि तेही खुर्चीवर बसून करायचं. इंग्लंडमध्ये घरांचं वायरिंग ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावं लागतं. तिकडचे इंजिनियर घराघरांत जातात, फ्यूजबोर्डाचे फोटो काढतात, मोजलेले आकडे मोबाइलवर टाकतात आणि सगळं आमच्या ऑफिसला पाठवून देतात. आमच्याकडची वीस-बावीस पोरं त्यावरून स्वच्छ रिपोर्ट बनवतात. तो तपासायला वायरिंगमधलं कळणारा माणूस हवा होता. आखातात आमचं सगळं काम ब्रिटिश स्टँडर्डवरच चालायचं, म्हणून मला घेतलं.

तिकडे फ्यूज असो की ब्रेकर, प्रत्येक जातीला नंबर आहे. तार बदलता येते तो फ्यूज, म्हणजे आपल्या चाळीतल्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचा गोरा भाऊ, तो ३०३६. बंद नळीचा फ्यूज १३६१. आपोआप पडणारा खटका, ज्याला आपण एमसीबी म्हणतो, तो जुना असेल तर ३८७१ आणि नवा असेल तर ६०८९८. रिपोर्टात एक रकाना फक्त या नंबरचा. दिसायला किरकोळ, पण पुढचं सगळं गणित त्याच्यावर. वायरमध्ये बिघाड झाला तर हा खटका किती करंटला झटक्यात पडेल, ते नंबर आणि टाइप सांगतात. नंबर चुकला तर नापास व्हायचं घर पास होतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आमच्या ऑफिसात सगळं इंग्लंड ६०८९८ आहे. शंभर वर्षांची घरं, भिंतीला लाकडी फळीवर बसवलेले बोर्ड, आणि रकान्यात सगळीकडे ६०८९८, टाइप बी. मी शेजारच्या पोराला विचारलं, “हे कशावरून टाकलंस रे?”

“काका, लिस्टमध्ये पहिलं तेच येतं ना.”

मी कपाळाला हात लावला. टीम लीडरकडे गेलो. सव्वीस वर्षांची मुलगी, मुलुंडहून यायची, कॉम्प्युटर इंजिनियर. फ्यूजची तार तिने कधी हातात धरली नव्हती, पण समजावलं की पटकन समजायची. तिचा त्रास वेगळाच होता.

“काका, तो रकाना रिकामा सोडला तर सिस्टिम रिपोर्ट पुढे जाऊ देत नाही. आणि दिवसाला चाळीस रिपोर्ट जायलाच हवेत.”

“मग काय, खोटं लिहायचं?”

“खोटं कुठे? इंजिनियरनेच तसं टाकलंय. आपण फक्त छापतो.”

“अगं, त्यानेसुद्धा लिस्टमधलं पहिलंच टाकलंय!”

ती हसली. मला हसू आलं नाही. तिथून पुढे आमचा रोजचा झगडा सुरू झाला. मी रिपोर्ट परत पाठवायचा, तिने पुढे ढकलायचा. फोटो तर असे, की बघून संताप यावा. कोणी फ्लॅश मारून सगळा बोर्ड पांढरा केलेला, कोणी स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढलेला, कोणी झाकण बंद ठेवून बाहेरूनच. त्या बंद झाकणाकडे बघून मी आत काय आहे ते कसं सांगू? मी काय ज्योतिषी आहे?

आखातात माझ्यावर एक म्हातारा ब्रिटिश इन्स्पेक्टर होता. एकदा मी बोर्डातला फ्यूज बाहेर न काढताच कागदावर नंबर लिहिला. लाल ठिपका दिसला, तीस अँपिअर, म्हणजे तारेचाच असणार, असं धरून चाललो. त्याने मला शिडीवर परत चढवलं, फ्यूज उपसायला लावला. आत तार नव्हती, नळी होती. ठिपका फक्त अँपिअर सांगतो, जात सांगत नाही. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तू पाहिलंस, की तुला वाटलं?” चार माणसांसमोर कान लाल झाले होते माझे. तेव्हापासून न पाहिलेला नंबर माझ्या हातून लिहिला जात नाही. याला पोरं हट्ट म्हणायची.

मग तो वृद्धाश्रमाचा रिपोर्ट आला. इंग्लंडमधलं कुठलंसं छोटं गाव, दुमजली घर, बारा-तेरा म्हातारी माणसं. रकान्यात नेहमीचंच: ६०८९८, टाइप बी, बत्तीस अँपिअर. पास. फोटो बरा होता, निदान झाकण उघडलेलं होतं. मी तो मोठा केला. खटक्याच्या तोंडावर आकडा होता तीस.

बत्तीस नाही, तीस. नव्या जातीत तीस मी कधी पाहिलेला नाही, तो जुन्यांचाच आकडा. आणखी मोठा केला. नव्यावर बी आणि बत्तीस असं जोडून छापलेलं असतं, खाली बारीक चौकटीत सहा हजार. इथे चौकट नव्हती. एका कोपऱ्यात ‘एम सिक्स’सारखं काहीतरी, आणि त्याच्या बाजूला ‘टू’. हा जुना ३८७१, टाइप टू. टाइप बीपेक्षा याला पडायला जास्त करंट लागतो. तेवढा करंट वाहायला वायरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आणखी कमी हवा. इंजिनियरने मोजलेला होता एक पॉइंट वीस ओहम. टाइप बीला एक पॉइंट सदतीसपर्यंत चालतो. या जुन्याला एक पॉइंट शून्य चारच्या वर चालत नाही.

मी टीम लीडरला बोलावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून सगळं दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं.

“तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे?”

“नाही. फोटो धूसर आहे. म्हणूनच विचारायचं.”

“काका, हा क्लायंट आधीच चिडलेला आहे. आज संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवाय त्यांना.”

“मग माझं नाव काढ त्यावरून. तपासणारा म्हणून तुझं टाक.”

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “लावा फोन.”

दुपारचे तीन वाजले होते, तिकडे सकाळ. इंजिनियर गाडीत होता. मी विचारलं, तो खटका जुना आहे का? तो म्हणाला, मी लिहिलंय ते छापा. मी म्हटलं, फोटोत तीस दिसतोय, तुम्ही बत्तीस लिहिलंय. तो म्हणाला, तुम्ही मुंबईत बसून मला माझा बोर्ड शिकवणार? माझं रक्त तापलं. मराठीत एक शब्द ओठापर्यंत आला होता, तो गिळला.

तेवढ्यात टीम लीडर पोरीने फोन स्वतःकडे घेतला. थंड आवाजात म्हणाली, “सर, रिपोर्टवर सही तुमची आहे. आमची शंका आम्ही मेलवर लिहून पाठवतो. तुम्ही फक्त ‘बरोबर आहे’ असं उत्तर द्या, आम्ही लगेच छापतो.”

तो म्हणाला, दोन दिवस द्या.

तिसऱ्या दिवशी पाच फोटो आले, एकदम लख्ख. बोर्डातले दोन खटके ३८७१, टाइप टू. दोघांवर नंबर स्पष्ट छापलेला. त्याच बोर्डातला वरच्या मजल्याचा फ्यूज त्याने या खेपेला उपसून बघितला होता. तो ३०३६ निघाला, आणि त्यात कोणीतरी दुप्पट जाडीची तार भरून ठेवलेली. ती तार कधीच वितळली नसती. आधी भिंतीतली वायर जळाली असती. आणि त्याच भिंतींच्या आत झोपलेली ती म्हातारी माणसं. मी तो फोटो बघत बसलो, चहा निवला.

रिपोर्ट नापास झाला. त्याने सगळा बोर्ड बदलून नवीन फोटो पाठवले. सोबत आभाराचं अक्षर नाही. उलट क्लायंटकडून आमच्या वरच्या साहेबांना तक्रार गेली, की अमुक रिपोर्टला चार दिवस लागले. साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि अर्धा तास वेळेचं महत्त्व सांगितलं. त्या मुलीने तो जाड तारेचा फोटो प्रिंट करून नेला होता. तिने तो टेबलावर ठेवला. साहेबांनी बघितला आणि म्हणाले, “हे काय आहे?”

आता बोला.

पण एक झालं. मुलीने सिस्टिमवाल्यांच्या मागे लागून त्या लिस्टमध्ये नवीन ओळ घालून घेतली: ‘फोटोवरून ओळखता आलं नाही’. मला वाटलं, जिंकलो. दोन आठवड्यांत काय बघतो, तर इंग्लंडातलं एकही घर ओळखता येईनासं झालंय! पोरांनी सगळीकडे तीच ओळ टाकायला सुरुवात केली होती. बी बत्तीस एवढं ठसठशीत छापलेलं असतानाही. मी शेजारच्या पोराला विचारलं, “अरे, हे तर आंधळ्यालासुद्धा दिसेल!”

“काका, तुम्हीच म्हणालात ना, खात्री नसेल तर लिहायचं नाही?”

मी टीम लीडरच्या टेबलापाशी गेलो, नुसता उभा राहिलो. तिने माझा चेहरा बघितला आणि डोकं धरलं. मग दोघंही हसत सुटलो.

शेवटी तिने रोज दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास ठरवला. मी लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणि जुन्या भंगारवाल्यांकडून मिळतील तेवढे फ्यूज, खटके गोळा करून आणले. आपल्याकडचे, आखातातून आणलेले, दोन-तीन खरे ब्रिटिशही. पोरं ते हातात घेतात, फिरवून बघतात, बारीक अक्षरं वाचतात. मी विचारतो, कुठला? सात जण बरोबर सांगतात. बाकीचे अजूनही माझ्या तोंडाकडे बघून अंदाज मारतात, आणि मी अजूनही ओरडतो.