करडईच्या तेलाचा वास

दृढीकरणाचा विधी संपला, की आमचे बिशपसाहेब दोन्ही तळहात नाकाशी नेत आणि खुशीत म्हणत, “करडई!”

तुम्ही म्हणाल, हा कसला बिशप! पण त्या दिवशी गावातली पोरंसोरं डोक्याला तेल थापून चटईवर गुडघे टेकत. साहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणत, की पोरगं ख्रिस्ती मंडळीत पक्कं झालं; आणि शेवटी त्यांचे तळवे चकाकत. जेवणापर्यंत ते हात धूत नसत.

तरुणपणी ते विलायतेहून पाद्री म्हणून आले. तट्टावर बसून सगळा जिंतूर तालुका पालथा घातला, मराठी आमच्याच लोकांत शिकले. पुढे बढती होत होत बिशप झाले आणि दूरच्या शहरातल्या बंगल्यात अडकले. चारठाण्याजवळच्या आमच्या गावी थंडीत एकदा येत. मी तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायची. मला म्हणत, “पाद्री होतो तेव्हा चेहरे पाहायचो. आता नुसती डोकी!”

एका गोष्टीत मात्र भारी हटवादी. एकदा एका बापानं विनवलं, “पोरगं तापानं पडलंय सायब, त्याच्या नावानं हितंच म्हना की.”

“डोकं हवं. कुठं आहे तो? मी येतो,” म्हणाले आणि ताट तसंच ठेवून वस्तीवर चालत गेले.

निजामी राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत गावातल्या सोजरबाईचा पोरगा याकोब जिंतूरच्या बाजाराला गेला तो परतलाच नाही. एकुलता एक. त्या वर्षी त्याचं दृढीकरण व्हायचं होतं. साहेब आले तेव्हा ही माउली पोरांच्या रांगेत, शेजारी एक जागा सोडून बसली होती. “सरक” म्हटलं तरी हलेना.

साहेब तिथं थांबले.

“याकोबची जागा हाय, सायब. ठिवा हात.”

“डोकं हवं, सोजरबाई,” ते हळूच म्हणाले. “कुठं आहे तो? मी जातो.”

“म्हाईत असतं तर म्याच गेले नसते का?”

साहेबांचे हात रिकाम्या चटईवर खाली आले आणि मध्येच थांबले, गुडघे टेकलेल्या पोराचं डोकं जिथं यावं तिथंच. याकोबचं नाव घेऊन त्यांनी अख्खी प्रार्थना म्हटली.

विधी संपला, पण हात नाकाशी गेले नाहीत.

दुपारी त्यांच्या गाडीतून मी देवगाव फाट्यापर्यंत गेले. गाव मागं पडल्यावर त्यांनी दोन्ही तळहातांत तोंड लपवलं. फाटा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ते पुन्हा आले नाहीत. विलायतेला जाऊन वारले. आताचे बिशप हात रुमालाला पुसतात आणि त्या रिकाम्या जागेपुढून सरळ निघून जातात. हो, सोजरबाई अजून जागा सोडूनच बसते.

विधी झाला, की दर वर्षी ती माझ्याजवळ येते. “मास्तरीणबाई, त्या दिशी गाडीत सायबानं हातांचा वास घेतला व्हता का?”

“घेतला होता.”

“काय म्हनले?”

“करडई,” मी सांगते.