आई-वडील दोघेही वाहक

आमच्या शाळेत मराठी टायपिंग येणारी मी एकटीच, त्यामुळं महामारीतली सगळी सरकारी माहिती माझ्याच गळ्यात पडली. शाळेला कुलूप होतं, पोरं घरी होती, आणि मला मात्र सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत ग्रुपवर मेसेज येऊन पडायचा: माहिती तात्काळ सादर करावी, विलंब झाल्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल. किती पोरांच्या घरी मोबाइल आहे, किती घरी टीव्ही आहे, शाळेत हात धुवायला नळ किती. नळ एकच होता आणि उन्हाळ्यात त्याला पाणी नसायचं, पण तसं लिहायला तक्त्यात जागा नसायची.

मुख्याध्यापक निवृत्तीला टेकलेले. ते म्हणायचे, “मॅडम, निरंक टाका अन मोकळ्या व्हा. निरंकाले कोणी वापस काही विचारत नाही.” निरंक म्हणजे काहीही नाही. आमच्या खात्यात हा शब्द फार लाडका आहे. तक्रारी निरंक, अडचणी निरंक, शाळाबाह्य मुलं निरंक. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाची तब्येत कागदावर नेहमी ठणठणीत असायची.

मग एक दिवस ‘सहव्याधी असलेले विद्यार्थी व शिक्षक-कर्मचारी’ यांची माहिती मागवली गेली. म्हणजे ज्यांना आधीचाच काही मोठा आजार आहे आणि ज्यांना कोरोना झाला तर निभावणं कठीण, अशांची यादी. त्यातल्या शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणातून आणि नाक्यावरच्या ड्युटीतून सूट मिळणार होती, पोरांना त्यांची औषधं घरपोच मिळणार होती. झालं! लग्नाच्या पंगतीत बुंदीची परात एकट्यानं उचलणारे आसपासच्या शाळांतले मास्तर एका रात्रीत रक्तदाबाचे रोगी झाले. आणि आमचे मुख्याध्यापक, ज्यांना इन्सुलिन टोचल्याशिवाय दोन घास खाता येत नव्हते, त्यांनी स्वतःच्या नावापुढं मला ‘नाही’ लिहायला लावलं. “यादीत नाव गेलं तं उद्या म्हणतीन, झेपत नसन तं घरी बसा,” ते म्हणाले. त्यांची ड्युटी पांढरकवड्याच्या बाजूला हायवेवर, ट्रकवाल्यांचा ताप मोजायच्या नाक्यावर लागली. थर्मासात बर्फ आणि बर्फात इन्सुलिन घेऊन ते जायचे. मी त्यांना बोलले, चांगलं फाडफाड बोलले, पण ते नुसते हसले.

पोरांच्या तक्त्यात मात्र मी निरंक टाकणार नव्हते, कारण सातवीत आमच्याकडे एक मुलगी होती. विहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. बाप जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा, आई लोकांच्या वावरात निंदायला आणि कापूस वेचायला जायची. मुलगी वयाच्या मानानं लहानखुरी, डोळे कायम पिवळट, आणि तोंड असं चालायचं की विचारू नका. गणितात यथातथा, भांडणात पहिली. मी वर्गात नसले की नाकावर चष्मा ओढल्यासारखं करून “काय रे, हा बाजार आहे का?” असं माझ्याच आवाजात म्हणून दाखवायची. ते इतकं हुबेहूब असायचं, की मी दाराबाहेर उभी राहून पदर तोंडाला लावायची आणि हसू ओसरल्यावर रागावलेला चेहरा करून आत जायची.

तिला सिकलसेल होता. आमच्या भागाला हा आजार नवा नाही. रक्तातल्या पेशी गोल राहायच्या ऐवजी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूसही जमिनीवर लोळेल. आई आणि बाप दोघांच्या रक्तात त्याचा अर्धा अर्धा वाटा असला, तर त्यांना स्वतःला काही होत नाही. पण लेकराच्या वाट्याला दोन्हीकडचं आलं की ते जन्माचं आजारी. अर्धा वाटा असणाऱ्याच्या तपासणीच्या कार्डावर ‘वाहक’ लिहितात. आता वाहक म्हणजे एस.टी.चा कंडक्टर, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळं गावानं अशा लोकांचं नाव कंडक्टर ठेवलं आणि पूर्ण आजारी असणाऱ्याचं नाव ‘डबल’. मुलीचा बाप मला एकदा म्हणाला होता, “आमी दोघंबी कंडक्टर मॅडम, अन तिकीट काटलं पोरीचं.” म्हणताना तो हसला, मग तोंड वळवून तंबाखूचा खर्रा थुंकायला अंगणात गेला.

तिच्या गोळ्या यवतमाळच्या दवाखान्यातून यायच्या, आणि मधूनमधून तिथं नेऊन तिला रक्त चढवावं लागायचं. एस.टी. बंद झाली तशा गोळ्याही बंद झाल्या. शेवटचं पाकीट पुरवायचं म्हणून आई एक दिवसाआड गोळी देऊ लागली. त्यामुळं ‘औषधं घरपोच’ हे वाचून मला आनंद झाला. सरकारी पत्र वाचून आनंद होण्याची वेळ नोकरीत फारशी आलेली नाही, म्हणून लक्षात आहे.

तक्त्यात आजारांची नावं आधीच दिलेली होती. मधुमेह होता, दमा होता, हृदयरोग होता, कर्करोग होता. सिकलसेल नव्हता. आमच्याकडे गल्लीगल्लीत सापडणारा आजार तक्ता करणाऱ्याच्या ऐकिवात नसावा, कारण त्याच्या ओळखीत तो कोणाला झालेला नसणार. मी ‘इतर’ निवडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, कार्डावर होतं तसंच, शुद्ध मराठीत टाइप केलं: सिकलसेल रुग्ण. आई-वडील दोघेही वाहक.

यादी परत आली ती पात्र-अपात्र होऊन. तिच्या नावापुढं ‘अपात्र’ होतं, आणि कारण दिलं होतं: पालक एस.टी. कर्मचारी असल्याने वैद्यकीय सुविधा त्यांच्या कार्यालयाकडून अनुज्ञेय.

मी आधी हसले. खरंच हसले, स्वयंपाकघरात, एकटीच. मग हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं आणि तालुक्याला माहिती भरणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरला फोन लावला.

“मॅडम, तुमीच तं लिहिलं ना, दोघंबी वाहक म्हणून,” तो म्हणाला.

“अहो, कंडक्टर नव्हे. रोगाचे वाहक.”

“मंग तसं साफ लिहा ना. आमाले का सपन पडते?”

त्याचंही चूक नव्हतं. त्याच्यापुढं तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या याद्यांचा ढीग पडलेला, आणि त्याच्या मागं लागायला त्याचा साहेब. मी दुरुस्ती पाठवली: पालक एस.टी. कर्मचारी नाहीत. आई-वडील दोघेही रोगाचे वाहक.

आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत, तशा तक्त्यात, ‘रोगाचे वाहक’ वाचून वरच्या माणसाच्या डोक्यात कोणता रोग यावा? तेव्हा दुसरा रोग कोणाला आठवतही नव्हता.

गोळ्या आल्या नाहीत, गाडी आली. अंगभर पांढरे झगे घातलेली माणसं उतरली, विहाराच्या मागच्या गल्लीत गेली, नवरा-बायकोच्या नाकात काड्या घातल्या, दाराला कागद चिकटवला आणि गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. तपासणीत काही निघालं नाही. बांबू सुटले, कागद फाटला, पण गावाच्या मनातून ती गाडी जाईना. जिनिंगवर मुकादमानं बापाला सांगितलं, थोडे दिवस येऊ नको. वावरात बायकांनी आईला सांगितलं, तू तिकडं कडेच्या ओळीला लाग. पाण्याच्या टाकीवर तिची घागर सगळ्यांपासून लांब ठेवली जाऊ लागली.

मी घरोघरी समजवायला गेले. म्हटलं, तसं काही नाही, कागदावर एका शब्दाचा घोळ झालाय. किराणा दुकानदारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “शब्द खोटा असन मॅडम, पण गाडी तं खरी आलती ना?” मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मी साखर घेतली आणि घरी आले.

त्यांच्या घरी गेले तेव्हा बाप माझ्याशी बोलला नाही. आईनं मात्र चटई टाकली, पाणी दिलं. मुलगी आत खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. मला बघून म्हणाली, “मॅडम, तुमच्यापायी आमच्या घरचे फुकटात तपासून भेटले.” आई तिच्यावर ओरडली. मी म्हटलं, ओरडू नका, खरंच तर बोलते आहे. मग पोरीनं बोटांनी खोटा चष्मा नाकावर ओढला आणि मला विचारलं, “काय रे, हा बाजार आहे का?” आम्ही तिघी हसलो, बाप ओसरीवर बसून राहिला.

त्यानंतर मी तक्त्यांचा नाद सोडला. पास काढला, तिचं कार्ड घेतलं आणि स्कूटीवर यवतमाळला जाऊन गोळ्या आणल्या. नाक्यावर पोलिसाशी हुज्जत घातली, दवाखान्याच्या खिडकीवर हुज्जत घातली. नवरा म्हणायचा, शाळा बंद आहे म्हणून तुझी भांडायची हौस तिकडं फिटते आहे. असेलही. गोळ्यांची पाकिटं आईच्या हातात देताना बरं वाटायचं. मग मलाच ताप आला, वास गेला, आणि माझ्याच दाराला कागद लागला. मी घरात कोंडलेली असताना तिलाही ताप आला.

साधाच ताप होता म्हणे. पण डबल असलेल्या लेकराला कोणताच ताप साधा नसतो. छातीत दुखायला लागलं, श्वास लागला. बाप गावात गाडी मागत फिरला. गावात चारचाकी होत्या, ऑटो होता. ऑटोवाला म्हणाला, “तुमच्या घरी टीम येऊन गेलती बावा. माह्याबी घरी लेकरं हाय.” हा ऑटोवाला दुष्ट माणूस नाही. शाळेच्या खेळांच्या वेळी आमची पोरं तोच फुकट घेऊन जातो, आणि तिलाही त्यानं कितीदा नेलेलं होतं. सरकारी गाडीला फोन केला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. ती यायला संध्याकाळ झाली. यवतमाळला पोचल्यावर आधी कोरोनाची तपासणी, मग रिपोर्ट येईपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबणं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिला आत घेतलं, रक्त मागवलं, आणि ते चढायच्या आधी ती गेली.

मला हे मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं, तेही मी जरा उठून बसायला लागल्यावर. रडू आलं नाही. राग आला, आणि तो ठेवायला जागा मिळेना. ऑपरेटरवर रागावू की मुकादमावर, ऑटोवाल्यावर की ज्यानं कार्डावर पहिल्यांदा ‘वाहक’ लिहिलं त्याच्यावर? ज्याला त्याला विचारलं असतं तर प्रत्येकानं आपापलं काम नियमानंच केलं होतं. मी सुद्धा शब्द बरोबरच लिहिला होता.

पुढं लवकरच आणखी एक तक्ता आला: महामारीत मृत्यू पावलेले विद्यार्थी. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, म्हणजे ती त्या तक्त्यात बसत नव्हती. आजारी असलेल्यांच्या यादीत ती अपात्र ठरली होती, मेलेल्यांच्या यादीतही तिला जागा नव्हती. मी टाइप केलं, निरंक.

शाळा उघडल्यावर एकदा तिची आई आली. बरोबर जाऊ होती आणि जावेची लहान मुलगी. मुलगी खुर्चीच्या मागं लपून माझ्याकडे बघत होती. तिचेही डोळे पिवळट होते, ते मला दारातूनच दिसले.

“इची तपासणी केली मॅडम,” आई म्हणाली. “हेबी डबल निघाली. यंदा पहिलीत येईन. इचं नाव आतापासूनच लिहून ठेवा, मंग घाई नाही होत.”

मी म्हटलं, “ताई, लिहून काय होते ते पाहिलं ना तुम्ही?”

ती म्हणाली, “तुमचा कायचा दोष? तुमी तं लिहिलं होतं. तवा वरच्याइनं बराबर वाचलं नाही. आता वाचतीन.”

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, पण तो टोमणा नव्हता. जाऊ पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. त्या दिवशी माझ्यासमोर कोणताच तक्ता नव्हता, कोणी काही मागवलेलं नव्हतं. मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. मुलीचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आजार लिहिला, सावकाश, वळणदार अक्षरात. आईला वाचता येत नाही, पण पेन थांबेपर्यंत ती कागदावरून नजर हलवत नव्हती. मग तिनं हात जोडले, पोरीलाही जोडायला लावले, आणि समाधानानं निघाली. कुठं लिहिलं, ते तिनं विचारलं नाही.