तुमचीच पोरगी

उर्वी रणवरेचे गुडघे बघावेत. पोरगी बावीस वर्षांची, पण गुडघे जन्मभर जमीन सारवत आलेल्या म्हातारीचे असावेत तसले. काळवंडलेले, घट्टे पडलेले. तिची आई सुनेत्रा नागपूरकडची. ती पोरीच्या गुडघ्यांना साय चोळायची आणि म्हणायची, "हे गुडघे पाहून कोण लग्न करीन वं बाई तुह्याशी?"

उर्वी फोनमधून डोकं वर न काढता म्हणायची, "आई, नोबडी मॅरीज अ नी."

जन्म हितलाच, ओहायोतल्या डब्लिनचा. कॉलेजच्या संघात व्हॉलीबॉल खेळायची. जागा लिबेरोची. लिबेरो म्हणजे संघातली वेगळ्या रंगाचा सदरा घातलेली पोरगी. तिनं जाळीपाशी उडी मारून बॉल हाणायचा नाही, तो मान दुसऱ्यांचा. तिनं मागं थांबायचं आणि समोरून धोंड्यासारखा आलेला बॉल भुईला टेकू द्यायचा नाही. त्यापायी लोळायचं, घसरायचं, कोपरं सोलून घ्यायची. पॉइंट झाला की टाळ्या हाणणारीला. बॉल पडला की लोक बघणार लिबेरोकडं. असल्या जागेवर उर्वी तीन वर्षं टिकून होती. अख्ख्या विभागात तिच्याएवढे बॉल कुणी उचलले नव्हते.

तिचा बाप प्रल्हाद आमच्या फलटण भागातला, माझ्या शेजारच्या गावचा. आमच्याकडं खुरपायला गेलेल्या बाईला गड्याच्या निम्मी हजेरी, म्हणजे निम्मी मजुरी. वाफा तोच, ऊन तेच, खुरपंही तेच. का म्हणून विचारलं तर मुकादम सांगायचा, "बायांची हजेरी तेवढीच आस्ती." हे कारण ऐकून कुणी हसलेलं मी बघितलं नाही. अमेरिकेत आल्यावर वाटलं होतं, हितं कारण तरी चांगलं देत असतील.

पूर्वी कॉलेजच्या खेळाडूनं खेळाच्या नावावर पैसा घ्यायचा नाही, असा नियम होता. काही वर्षांमागं तो मोडला. आता आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे पोरांना घेता येतात. कंपनीनं जाहिरात द्यावी, खेळाडूनं पैसे घ्यावेत, सगळं उजळ माथ्यानं. हितल्या, बॉल हातात घेऊन पळायच्या फुटबॉलच्या पोरांना लागले की मिळायला. कुणाला मोटार, कुणाला महिन्याच्या महिन्याला पगार. जुने श्रीमंत विद्यार्थी थैल्या मोकळ्या करून उभेच होते. उर्वीला काय मिळालं? एका कंपनीनं गुडघ्याच्या पट्ट्या पाठवल्या. एका दुकानानं फळांचा रस फुकट दिला. त्याच्या बदल्यात तिनं दर आठवड्याला फोनवर व्हिडिओ टाकायचे. केस नीट, हसू नीट, रसाच्या पेल्यावरचं नाव दिसलं पाहिजे. पोरांनी नुसतं संघात असायचं, पोरींनी संघात असून वर रोज तोंड दाखवायचं. बलुतेदाराला सुपात धान्य टाकावं, तसला हा कारभार.

आणि तिसरी जाहिरात होती श्रीरंग काकांची.

श्रीरंग काका पुण्याचे. शेजारच्या कोलंबस शहराच्या आसपास त्यांची भारतीय किराण्याची तीन दुकानं. राजगिरा, शेंगदाणे आणि गूळ घालून त्यांनी खेळणाऱ्या पोरांसाठी एक वडी काढली, नाव ठेवलं 'झेप'. दोन वर्षांमागं हितल्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत ते प्रल्हादला म्हणाले, "अरे, उर्वीचा एक फोटो टाकू का रे झेपवर? मुलींना जरा इन्स्पिरेशन."

प्रल्हादच्या हातात वरण-भाताचं ताट. तो म्हणाला, "विचारता काय काका, तुमचीच पोरगी हाय."

आता हे वाक्य आपण कितीदा बोलतो. पोरगी पाया पडली की बोलतो, सुनेची ओळख करून देताना बोलतो. त्यात देणंघेणं काही नसतं. पण प्रल्हादला ते श्रीरंग काकांपुढं नुसतं बोलायचं म्हणून बोलता येत नव्हतं. मागं मंदीत त्याची नोकरी गेली तेव्हा भाड्याचं घर सोडून हे तिघं काकांच्या तळघरात राहिले होते, अख्खा हिवाळा. उर्वी तेव्हा पहिलीत. काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. माणूस बोलून दाखवत नाही तेव्हा ते जास्तच जड होतं.

तर उर्वी वडीवर चढली. पालथी, हवेत आडवी, एक तळवा बॉलखाली. दुकानाच्या दारात माणसाच्या उंचीचा तोच फोटो. शनिवारी काका तिला बोलवायचे. शाळकरी पोरी आयांना ओढत यायच्या, सही घ्यायच्या, वडीची खोकी न्यायच्या. उर्वी तासन्‌तास उभी राहायची. निघताना नीलांबरी काकू, म्हणजे काकांची बायको, पिशवीत कोथिंबीर आणि चकल्यांचं पाकीट घालायची.

तिचं एक वर्ष गुडघा मोडून बाकावर गेलं होतं. त्यामुळं पदवी हातात आली तरी आणखी एक वर्ष खेळायचा हक्क शिल्लक होता. यंदा मार्चात कोच बाईंनी तिला बोलावून सांगितलं, जागा आहे, शिष्यवृत्ती नाही. वरच्या लोकांनी पैसा दुसरीकडं वळवलाय. पुढच्या वर्षीची फी तुझी तू भरलीस तर सदरा तुझा. विचार कर आणि पाडव्यानंतर, म्हणजे बाईंच्या भाषेत पुढच्या रविवारी, फोन कर.

प्रल्हाद म्हणाला, "भरतो की मी. म्हातारपणासाठी ठेवलंय त्यातलं काढतो."

उर्वी म्हणाली, "नो. मुलं खेळायचे पैसे घेतात, आणि मी खेळायचे पैसे भरू? बाबा, कॅन यू हिअर युवरसेल्फ?"

तिनं आपल्या परीनं हिशेब मांडला होता. नावावर चार पैसे मिळवायचे आणि त्यातून खेळायचं. तसं झालं तर खेळायचं, नाहीतर नाही. पट्ट्यांच्या कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की मुलींसाठी रोख पैशाची योजना नाही. रसाच्या दुकानानं आणखी रस देऊ केला.

त्याच आठवड्यात तिला शंतनू भेटला. शंतनू आपल्याच मंडळातला, तिच्याच कॉलेजात फुटबॉलच्या संघात. लाथ मारून बॉल खांबांमधून घालवायचं काम, त्यातही दुसऱ्या नंबरचा. पहिल्याचा पाय मोडला तर हा मैदानात उतरणार. पहिल्याचा पाय ठणठणीत होता. पोरगा सरळ. काकांच्या दुकानाबाहेर तिला गाठून म्हणाला, "उर्वी, डोन्ट किल मी. तुला माहितेय ना, झेपवर आता मीपण येणारे?"

"गुड. शनिवारी माझ्यासोबत उभा राहा. पाय दुखतात माझे."

"नाही, माझ्या काँट्रॅक्टमध्ये शनिवार नाहीयेत."

"कसलं काँट्रॅक्ट?"

शंतनूनं आकडा सांगितला. उर्वीच्या वर्षाच्या फीपेक्षा तो थोडा जास्तच होता. पोरगा हळूच म्हणाला, "आय थॉट तुला जास्त मिळत असतील. तू तर खेळतेस."

ती घरी आली आणि बापासमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, यू गेव्ह मी अवे. जाऊन परत आणा."

शुक्रवारी प्रल्हाद दुकानात गेला. बोलायचं वाक्य त्यानं गाडीत मोठ्यानं म्हणून बघितलं होतं. काका भेंडीच्या पाट्यांपाशी उभे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रल्हाद, अरे मी पोरीला पैसे मोजून देऊ? तुझ्या घरात? शंतनूचं वेगळं. त्याचा एजंट आहे, त्यानं दर सांगितला, मी दिला. तो व्यवहार. उर्वीशी माझा व्यवहार कुठंय? उद्या म्हणशील, तळघराचं भाडं घ्या काका."

हे शेवटचं ते हसत म्हणाले. प्रल्हादही हसला. हसायला नको होतं, पण माणूस अशा वेळी हसतो. आणि येताना त्याच्या हातात आमरसाचा मोठा डबा होता.

सुनेत्रानं तो डबा ओट्यावर आपटला. "गेले होते पोरीचा हक्क मांगाले, अन् आणलं काय तं आमरस! पुऱ्या तळू का आता?"

"म्या काय बोलनार? त्यांनी तळघर काढलं."

"मंग म्हणायचं होतं, घ्या भाडं. सोळा वर्षं झाले, अजून तळघरातच राहून राहिले तुम्ही."

रविवारी दुपारी मंडळाचा पाडवा. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, दारात गुढी, आत नऊवाऱ्या आणि कॅमेरे. ते तिघं आणि मी एकाच गाडीतनं गेलो. उर्वीला यायचं नव्हतं. सुनेत्रानं तिला साडी नेसवली आणि एवढंच म्हणाली, "तिथंच असतीन काका. त्याईले दुकानात 'नाही' म्हणता येते, चारचौघात 'नाही' म्हणता येत नाही."

शंतनूला आधी बोलावलं. काकांनी माइकवर सांगितलं, की आपल्या समाजाचा हा फुटबॉलपटू, याच्याशी आपण रीतसर करार केलाय, आपल्या मुलांना योग्य मोबदला मिळाला पाहिजे. टाळ्या. शंतनू खाली मान घालून उतरला. मग उर्वी. तिच्यासाठी शाल आणि नारळ. नीलांबरी काकू ओटीचं ताट घेऊन पुढं आली.

उर्वीनं ताटावर हात आडवा धरला. "काकू, एक मिनिट." मग काकांकडं वळली. तिचं मराठी घरातलं, मोजकं. "काका, शंतनूला कॉन्ट्रॅक्ट आणि मला नारळ. का? मी दोन वर्षं शनिवारी उभी राहिले. मला त्याच्याइतके द्या. नाहीतर माझा फोटो काढा."

काकांना राग आलाय असं वाटलं नाही. ते हसले आणि माइक तोंडाशी नेला. "बघा, अमेरिकेत जन्मलेली मुलगी! मला आवडला हा रोखठोकपणा. पण बेटा, मी तुझ्याशी कधी बोललोच नाही. मी बोललो तुझ्या बाबांशी. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. प्रल्हाद, कुठं आहेस रे? ऊठ. तू सांग. तू दिलेला शब्द परत घेतोस का? घे. मी आत्ता पैसे देतो, इथंच."

प्रल्हाद उठला. मी त्याच्या शेजारी होतो. दोनशे माणसं वळून बघत होती. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं. सुनेत्रा दात आवळून म्हणाली, "म्हणा न. म्हणा."

प्रल्हाद म्हणाला, "काका, घरचं घरात बघू की. लोकांपुढं कशाला."

काकांनी मान डोलावली. जसं काही त्यांचीच अडचण प्रल्हादनं सोडवली. "बरोबर. घरचं घरात," ते म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, मिटलं. काकूनं ताट तसंच धरलं होतं. उर्वीनं बापाकडं बघितलं, मग पदर पुढं केला. काय करणार? हातात ताट घेऊन साठीची बाई उभी, तिचं काय चुकलं. काकूनं ओटी भरली, शाल पांघरली, कॅमेरे चमकले. कुणीतरी ओरडलं, "स्माइल, उर्वी!" ती हसली. दोन वर्षं सवय झालेली होती.

आम्ही जेवणाला थांबलो नाही. पण बाहेर आलो तर आमच्या गाडीच्या मागं दुसरी गाडी आडवी लावलेली. हे आपल्या लोकांचं ठरलेलं. जेवून येतोच म्हणतात आणि श्रीखंडाला दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतात. गाडी कुणाची ते कळेना. प्रल्हाद आत जाऊन माइकवर नंबर सांगायला तयार नव्हता. मी जातो म्हटलं, तर उर्वी म्हणाली, "काका, बसा. आय हॅव अ कॉल टु मेक."

ती पुढं बसली होती, बाप स्टिअरिंगवर हात ठेवून, आम्ही दोघं मागं. गाडी बंद, काचा बंद. फोन लावून तिनं इंग्रजीत सांगितलं, कोच, मी पुढच्या वर्षी नाही. पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या. "नो, नी इज फाइन," उर्वी म्हणाली. मग थोडं थांबून, "मनी." मग नुसतं "हं, हं." शेवटी तिनं विचारलं, की माझ्या जागेवर कोण खेळणार, आणि नाव ऐकून म्हणाली, ती चांगली आहे, पण तिचं डावं कोपर लवकर खाली जातं, सांगा तिला.

फोन ठेवला. प्रल्हाद म्हणाला, "उर्वे, अजून वेळ हाय. मी पैसे काढतो. तू परत फोन लाव."

"बाबा, मला तुमचे पैसे नको होते." ती समोर शाळेच्या भिंतीकडं बघत होती. "तुम्ही एकदा 'हो' म्हटलं असतं ना, त्यांनी पैसे दिले नसते तरी मी खेळले असते. तुमच्याच पैशांनी."

प्रल्हादचा हात स्टिअरिंगवरून खाली आला. तो दार उघडून उतरला. मला वाटलं, आत चाललाय, आता म्हणतोय हो. सुनेत्रानंही मान उंच केली. तो चार पावलं गेला आणि आडव्या गाडीपाशी थांबला, वाकून तिच्या काचेतून आत बघितलं, नंबर बघितला. मग तिथंच उभा राहिला. आतून जेवणाचा वास येत होता, कुणी माइकवर लावणी म्हणत होतं.

उर्वीनं खांद्यावरची शाल काढून मांडीवर घडी घातली आणि सीट मागं पाडून डोळे मिटले. सुनेत्रानं मागून तिच्या केसांत हात घातला. तिनं तो काढला नाही, आणि डोळेही उघडले नाहीत.