सिस्टरबाईंनी वाजवलेला भोंगा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बरं का. मधेच कुणी मोठ्यानं हसलं की मी दचकते, आणि दचकले की पुढचं विसरते. आमच्या घरात विसरणारं एक माणूस आहे, तेवढं पुरे!

ते म्हणजे आमचे आबा, माझ्या पप्पांचे वडील. सेलूच्या एका जिनिंगमध्ये उभा जन्म कापसाच्या गाठी बांधल्या त्यांनी. आता मात्र त्यांना काही आठवत नाही. मला तर ते ओळखतच नाहीत. दवाखान्यात होते तेव्हा मी पांढरा ड्रेस घालून उशाशी बसले, तेवढंच निमित्त झालं. तेव्हापासून मी सिस्टरबाई!

"सिस्टरबाई, तुमची ड्युटी सुटली न्हाई का अजून? घरी लेकरं वाट बघत आसतील की."

अहो, लग्न व्हायचंय माझं! पण ते जाऊ द्या. ज्यांच्या खांद्यावर बसून मी आख्खा बाजार बघितला, त्यांनी मला एकदा "सुजे" म्हणावं, एवढंच हवं होतं. एकदाच!

परभणीचे डॉक्टर म्हणाले, "जुने फोटो दाखवा, जुने आवाज ऐकवा. मोबाईल असतोच ना तुमच्या हातात? माणूस आठवणीत रमला की बोलता होतो."

मी बी.एस्सी. झालेली मुलगी. घेतलं मनावर! लाडवाएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला. आधी मोबाईलवर फोटो मोठे करून दाखवले. स्वतःच्याच लग्नाचा फोटो बघून आबा म्हणाले, "नवरदेव लय वाळलाय. कोन हाय ह्यो? खायला घाला त्याला."

मग मला सुचला भोंगा. जिनिंगचा भोंगा!

तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या वस्तीच्या कानात तो अजून आहे. थोडा वाजून थांबला, तर पाळी बदलली. थांबलाच नाही, तर कापसाला आग! मग हातातलं टाकायचं, बादली घ्यायची आणि पळायचं. वस्तीतलं शेंबडं पोरगंही सांगेल हे. मलाही माहीत होतं हो! पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

इंटरनेटवर एक भोंगा सापडला. कुठल्या देशाचा कोण जाणे, पण आवाज हुबेहूब आमचा. जरा आखूड होता, म्हणून मी तो पुन्हापुन्हा वाजत राहील अशी सोय केली. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज फुल्ल. हुशारी बघा माझी!

दुपारी आबा खाटेवर टेकून बसले होते. मी स्पीकर त्यांच्याजवळ ठेवला आणि बटण दाबलं. स्पीकर मुका! पुन्हा दाबलं. ढिम्म!

आणि त्याच क्षणी बाहेरून, आभाळ फाटल्यासारखा, भोंगा!

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? मला वाटलं, काय योगायोग! मी खोटा भोंगा वाजवायला बसले आणि खरी आग लागली! मोबाईल हातात तसाच धरून मी अंगणात धावले आणि जी किंचाळले, "आग! आग! पळा!"

आईच्या हातातलं पीठ सांडलं. समोरच्या शेवंताकाकू बादली घेऊन बाहेर. "कुठं लागली गं? कुन्या जिनिंगला?"

"मला काय माहीत! लागली!"

"अगं पर धूर कुठंय?"

"येईल!"

भोंगा काही थांबेना. माणसं बादल्या, घागरी, मिळेल ते घेऊन रस्त्यावर. मी? मी पाण्याच्या ड्रममागे. आग विझवायला पाणी जवळ असलेलं बरं, म्हणून!

एवढ्यात दारात कोण यावं? आबा! आधाराशिवाय मोरीपर्यंत न जाणारे आबा धोतराचा सोगा खोचून ओट्यावर उभे.

"वरून पानी मारू नगा रे! आतून धुमसतंय ते! आदी गाठी भायेर वढा!"

आणि काय सांगू, माणसं ऐकायला लागली! गाठी कुठं आहेत हे कुणालाच माहीत नाही, पण सगळे ओढायच्या तयारीत.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. दचकू नये म्हणून मी चिमण्यांची रिंगटोन ठेवलीय, ती साऱ्या वस्तीला पाठ. भोंगा गपकन थांबला आणि आमच्या घरामागच्या बुद्धविहाराच्या कर्ण्यातून म्हशीएवढ्या चिमण्या चिवचिवायला लागल्या.

सगळी वस्ती वळून माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पौर्णिमेला विहारात माझ्याच मोबाईलवरून वंदना लावली होती. विहार सांभाळणारे गौतमकाका दुपारी माईक तपासून कर्ण्याचं मशीन चालू ठेवून जेवायला गेलेले. माझा मोबाईल शेजारचा स्पीकर सोडून ओळखीच्या विहाराला जाऊन चिकटला. माणसं विसरतात, पण हा मेला काही विसरत नाही!

घाबरून मी फोन उचलला. पप्पा होते, देवगाव फाट्यावरून. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. त्यांचा आवाज कर्ण्यातून साऱ्या वस्तीला ऐकू आला:

"सुजे, आग कुठंय ते सोड! आदी तू कुठं लपलीस ते सांग! आबाला घेऊन भायेर नीघ!"

शेवंताकाकू बादली टेकवून हसायला लागल्या. गौतमकाका उष्ट्या हातानं विहाराकडे पळाले. मला वाटलं, ड्रममध्येच उडी मारावी.

आबा ओटा उतरून हळूहळू ड्रमपाशी आले. वाकून मागे बघितलं. त्यांच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं.

"सुजे, ये भायेर. भोंगा वाजला की लपायची सवय गेली न्हाई का गं तुजी?"

आई पिठाच्या हातानं डोळे पुसायला लागली. मी तर ड्रमला धरूनच रडले. गौतमकाका सोडून वस्तीनं मला तिथल्या तिथं माफ केलं.

सकाळी उठले तर पुन्हा, "सिस्टरबाई, आज लवकर आलात."

पण आईनं वर्म ओळखलं होतं! ती माझ्यामागे गुपचूप येऊन ताटली आपटते. मी टुणकन उडते. आबा खुदकन हसतात, "सुजे!" सगळ्यांची सोय झाली, माझं काळीज सोडून.

आबांना घेऊन परभणीला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खूश. "मग आता कोणतं यंत्र वापरता? स्पीकर की मोबाईल?"

आई म्हणाली, "यंत्र कशाला पायजे डॉक्टरसायेब? ही हाय की!"

मी खुर्चीवरून ताडकन उठले. मीही शिकलेली मुलगी आहे, काहीतरी ठणकावून बोलणारच होते. तेवढ्यात डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

"सुजे," टेबलाखाली वाकून आबा म्हणाले, "नीघ भायेर. बेल हाय ती."