पाटे की स्प्रिंगा

ऐंशी सालानंतर कधीतरी आमच्या घरी एक ट्रक आला. लष्कराने भंगारात काढलेला, ठेंगणा, आणि इतका जुना की आधी तो जन्मला अन् रस्ते नंतर झाले. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला ओवाळायच्या आधीच मला बजावलं, "कुंभाराच्या काकीचे रांजण ताडकळसच्या बाजारात न्यायचा शब्द देऊन बसलास. एक जरी फुटला तर गाडी इकीन अन् बैल घीन."

मागच्या चाकांवरची, दणके झेलणारी कमान मोडलेली होती. परभणीला उस्तादाच्या गॅरेजात गाडी लावली.

"स्प्रिंगा टाक मियाँ," उस्ताद म्हणाला. "पाळण्यावानी झुलंल. लोखंडी पाट्यांची कमान वजन लय पेलती, पण दणके बी देती."

"हवेवर बसणारी गाडी नसती का?"

"हाय ना, इलायतेत. रबरी फुग्यावर बसती. इथं बाभळीचा एक काटा, की फुस्स!"

आता आमच्याकडं ट्रकवाल्याची इज्जत एकाच गोष्टीत. माल भरला तरी गाडीचं बूड खाली बसता कामा नये. बसलं, की फाट्यावरचा चहावालासुद्धा विचारतो, "गाभण हाय का हो?" मी छाती काढून म्हणालो, "पाटेच टाका. वर दोन जास्तीचे."

रिकामी गाडी घेऊन गावाकडं निघालो. पहिल्या खड्ड्यात मी असा उडालो, की खाली येईपर्यंत गाडी अर्धा फर्लांग पुढं गेलेली. पळत जाऊन स्टेअरिंग धरलं. तेव्हा उजेड पडला. पाटे नरम पडतात ते वजनाखाली, आणि रांजणाच्या पोटात तर नुसती हवा.

बाजाराच्या दिवशी कडब्यात रांजण रचले. वेशीपर्यंत जाईतो मागं ते थंडी भरल्यागत दात वाजवायला लागले. काकी गाडीच्या मागच्या फाळक्यावरून ओरडली, "थांबीव मुडद्या! वर्साची कमाई हाय माझी!"

थांबलो. समोर गाव पायी बाजाराला चाललेलं. आबांच्या बैलांची शिंगं मला डोळ्यांपुढं दिसायला लागली, अन् मी बोंबललो, "चला, फुकट! पण ज्यानं त्यानं एक रांजण कवेत धरायचा!"

फुकट म्हटल्यावर मारुतीच काय तो देवळात राहिला. गुळाचा जाडजूड व्यापारी चढला, तेव्हा त्याच्या एकट्याच्या वजनानं एक पाटा सपाट झाला. बूड टेकलं. माझी इज्जतही टेकली. पण रांजण गप्प. फाट्यावर चहावाला काय काय म्हणाला ते मी ऐकलंच नाही.

ताडकळसला आबा एसटीने आधीच पोचलेले. काकीनं बोटाच्या पेरानं एकेक रांजण वाजवला. तडा गेलेला बद्द बोलतो. टण्ण. टण्ण. मधेच एक थोडा बसक्या आवाजात बोलला, अन् मी बैलांचे भाव आठवायला लागलो. काकीनं आतून कडब्याचा बोळा ओढून काढला, पुन्हा वाजवला. टण्ण!

"सगळे शाबूत," ती म्हणाली. मी लगेच आबांकडं बघितलं.

परतताना गाव बाजारातच राहिलं. गाडीत मी आणि आबा. पहिल्याच खड्ड्यात आबांचा पटका टपाला लागून डोळ्यांवर आला. पटका सावरत ते म्हणाले, "उद्या परभणीला जाय. ते जास्तीचे दोन पाटे काढून आण."

विकायच्या गाडीचे पाटे कोण काढतो? मी पुढचा खड्डा मुद्दाम चुकवला.