डाव्या हातमोज्यातलं काज

आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात लुळा पडला आणि जीभ शाबूत राहिली. गिऱ्हाइकांना विचारलं असतं, तर त्यांनी उलट मागितलं असतं.

पुढे बोटं जेमतेम हलू लागली, तेव्हा हाताचे व्यायाम करवून घेणाऱ्या ताईंनी फर्मान काढलं. चांगला डावा हात दिवसभर जाड हातमोज्यात कोंडायचा. जेवण, कंगवा, बटणं, सगळं उजव्यानेच. डाव्याचा आधार तुटला की उजव्याला हलावंच लागतं. असं नेटाने केलं तर मास्तर पुन्हा कात्री धरतील, अशी आशा होती. आणि कात्री नाही तर मास्तर कसले?

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांचा चमचा तोंडाऐवजी व्याह्यांच्या पँटवर उतरला. पँट मास्तरांनीच शिवलेली. व्याही "असू द्या, असू द्या" म्हणाले, तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना मोज्यात खोट दिसली. "ताई, ही शिलाई आहे की चाळण? मी घरून दुसरा शिवून आणतो."

दुकानातली काजं-बटणं जन्मभर बायकोनेच केलेली. ती शिवायला बसली, हे सांगायला.

"अंगठ्यापाशी लांब काज ठेव. वरून पट्टी टाक, दिसायला नको."

"कशाला?"

"हवा खेळायला."

"अहो, हात आहे का कोंबड्यांचं खुराडं?"

पण ठेवलं तिने. मास्तर धडपडताना त्यांना लाज वाटू नये म्हणून ती बिचारी पाठ करून बसायची. तेवढ्यात पट्टीखालून डावा अंगठा आणि दोन बोटं बाहेर यायची, काम उरकायची आणि सभ्यपणे आत जायची.

"ताई, शर्टाची बटणंसुद्धा स्वतः लावतात हो!" एकदा बायकोने दवाखान्यात कौतुकाने सांगितलं.

ताई हरखल्या. त्यांनी खुंटीवरचा शर्ट मास्तरांपुढे ठेवला. "लावा बरं, काका."

उजवी बोटं बटणावरून घसरत राहिली. बाकावरचे पेशंट माना उंचावून बघायला लागले.

"घरी तर लावता!" बायको कुजबुजली.

ताई शर्ट बाजूला घेत म्हणाल्या, "काका, तुम्ही एवढी मेहनत घेताय, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. बहुतेक हात याच्यापुढे जाणार नाही. थांबवूया आपण हे."

चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांनी पाच परत केल्या असत्या. पण हे ऐकून त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मोज्यातला हात टेबलावर ठेवला आणि पट्टीखालून अंगठा बाहेर काढला.

ताईंनी पट्टी उचलून काज पाहिलं.

"हवा?" बायकोने विचारलं. "आणि मी शेजारपाजारी सांगत फिरले!"

मास्तर खाली बघत म्हणाले, "शिवून टाक गं."

तिने पिशवीतून सुईदोरा काढला, मोजा त्यांच्या हातावरच ठेवून काज बंद केलं आणि दोरा दातांनी असा तोडला की बाकावरचा एक पेशंट दचकला.

"ताई, थांबवू नका," मास्तर म्हणाले. "मेहनत आजपासून धरा."

ताईंनी शर्ट पुन्हा पुढे सरकवला. बायको या वेळी समोरच बसली, डोळे रोखून.

"अगं, तिकडे बघ ना."

"नाही."

बटण निसटलं. पुन्हा निसटलं. बाकावरून कुणीतरी खुसखुसलं. घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. संध्याकाळी पंखे बंद करायला शिपाई आला, तेव्हा बटणाची एक कड काजात शिरली होती, आणि मास्तर त्याच्यावर खेकसले, "अहो, थांबा जरा!"