शकुबाई माहेरी गेली की गाडी रुसते

गोटीरामच्या गाडीचं दुखणं नाशकातल्या द्वारकेच्या टॅक्सी स्टँडवर सगळ्यांनी ओळखलं होतं, एकटा गोटीराम सोडून. "शकुबाई माहेरी गेली की गाडी रुसते," असं वाळू ड्रायव्हर येईल त्याला सांगायचा. यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण ते अक्षरशः खरं होतं.

गाडी पेट्रोलवरची, जुनी. गोटीराम तिचा चौथा मालक. एकोणऐंशी साली त्यानं ती घेतली आणि यात्रेकरूंना त्र्यंबकला नेऊन आणायला लागला. पावसाळ्यात मागच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याला आत छत्री उघडावी लागे, पण चावी फिरवली की गाडी पहिल्या झटक्यात चालू व्हायची. याचा गोटीरामला भारी अभिमान. नव्या गाड्यांच्या मालकांना तो हे मुद्दाम ऐकवायचा, आणि असा तोरा फार दिवस टिकत नाही.

शकुबाई त्याची बायको, माहेर नामपूरचं. दोन वर्षांनी ती आठ दिवसांसाठी माहेरी गेली आणि दुसऱ्याच सकाळी गाडी ढिम्म. सेल्फ घेईना. चार प्रवाशांनी उतरून धक्का मारला. देवाला निघालेली माणसं ती, त्यांनी ते पुण्यात जमा धरलं. दुपारी गाडी आपली आपण चालू झाली, संध्याकाळी पुन्हा बसली. गोटीराम घाबरला. नामपूरहून कांद्याचे ट्रक यायचे, त्यातल्या एका ड्रायव्हरबरोबर त्यानं निरोप धाडला, "गाडी चालत नाय, लवकर ये." आता बायको येऊन गाडीला काय करणार होती, हे त्यालाच माहीत. पण शकुबाई आली आणि गाडी सुतासारखी सरळ झाली.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येतं. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. ट्रकबरोबर निरोप जायचा, शकुबाई पिशवी भरून परत यायची. तिची आई सखुबाई डोळ्यांनी अधू झालेली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणायची, "आते उनी नि आते चालनी," म्हणजे आत्ता आली नि आत्ता निघालीसुद्धा. शकुबाईला ते फार लागायचं.

लहानू मिस्त्रीचं गॅरेज स्टँडच्या मागेच होतं. त्यानं बॅटरी बदलून पाहिली, प्लग साफ केले, सेल्फची मोटर उघडून पुन्हा बसवली. त्याच्यासमोर गाडी कधी बंद पडली असेल तर शपथ. चावी फिरवली की चालू. दोष दिसेचना, मग काढायचा कुठला? "गाडीत काय नाय, तुझ्यात हाय," म्हणून लहानूनं हात झटकले.

मग स्टँडवरच्या वैद्यांचं फावलं. कुणी लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. गोटीरामच्या गाडीत पुढे काचेपाशी बुद्धाची लहानशी मूर्ती होती. "आपण ते सगळं सोडलंय," असं त्यानं शांतपणे सांगितलं. वाळू म्हणाला, तर मग वहिनींचा फोटो लाव. लिंबू-मिरची नाकारणाऱ्या गोटीरामनं फोटो मात्र लावला. पुढच्या वेळी शकुबाई गेली तेव्हा गाडी दोन दिवस नीट चालली, आणि तिसऱ्या दिवशी फोटोदेखत बंद पडली.

शकुबाई वरवर चिडायची, पण आपल्यावाचून एक अख्खी मोटार अडते हे ऐकून कुठल्या बाईला वाईट वाटेल?

त्र्याऐंशी साली मात्र चेष्टा पुरे झाली. शकुबाईचा धाकटा भाऊ भिकन, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले. पोरीला स्वतःची आई नाही, सासूला धड दिसत नाही. बाळंतपण शकुबाईवाचून कोण करणार? सव्वा महिना तरी राहावं लागणार होतं.

"मी जाणार," शकुबाई म्हणाली. "पण सव्वा महिना गाडी बसली तर खायचं काय?"

तिनं माहेरी जायला गाडीची परवानगी मागावी, याची गोटीरामला लाज वाटली. तो तडक लहानूकडे गेला आणि आज निकाल लावल्याशिवाय उठणार नाही म्हणून फळकुटावर बसला.

लहानूनं गाडीकडे बघितलंच नाही. गोटीरामसमोर बसून त्यानं विचारलं, "वहिनी नसल्या की तू येगळं काय काय करतो? खरं सांग."

"भाकरी करपवतो."

"गाडीचं सांग."

"गाडीचं काय? उठतो, पुसतो, चावी लावतो."

"चावी हीच?"

"हीच. तवा फक्त जुडग्यात असती."

लहानू पुढे सरकला. "कोणच्या जुडग्यात?"

ते शकुबाईचं प्रकरण होतं. तिचा जगावर विश्वास नव्हता. घराला पितळी कुलूप, दोन ट्रंकांना कुलूप, कपाटाला, धान्याच्या कोठीला, अंगणातल्या नळाच्या पेटीलासुद्धा कुलूप. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा. माहेरी निघाली की ती गाडीची चावीही त्यातच ओवून तो नवऱ्याच्या हाती द्यायची, म्हणजे धांदरट माणूस काही हरवायचा नाही.

लहानूनं जुडगा मागवला. जुडग्याबरोबर शकुबाईही आली, कारण तो एकटा कुठे जात नसे. चावी त्यात ओवून लहानूनं लावली, फिरवली. गाडी चालू. पुन्हा फिरवली, चालू. गोटीरामचा चेहरा पडला. तिसऱ्यांदा फिरवली, आणि गाडी ढिम्म. लहानूनं लोंबणारा जुडगा अलगद तळहातावर उचलून धरला आणि चावी पुन्हा फिरवली. गाडी चालू झाली. त्यानं तो सोडला, धरला, सोडला, धरला. गाडी त्याच्या तळहाताचं ऐकत होती.

"स्विच झिजलाय," लहानू म्हणाला. "येवढं वजन लोंबलं की आतला पत्रा कधी टेकतो, कधी नाय."

"मंग तुझ्याकडं कशी चालू व्हायची?"

"मला जुडगा दिला व्हता का कधी?"

नव्हता दिला. घरच्या किल्ल्या परक्याच्या हाती द्यायच्या नाहीत अशी शकुबाईची सक्त ताकीद, म्हणून गॅरेजवर येताना तो गाडीची चावी काढून तेवढीच लहानूला द्यायचा. इतका आज्ञाधारक नवरा अख्ख्या नाशकात सापडला नसता.

"म्हंजे माझ्यामुळंच," शकुबाई म्हणाली.

"तुमच्यामुळं नाय वहिनी, कुलपांमुळं," लहानू म्हणाला आणि नवा स्विच बसवायला घेतला. शकुबाई हसली आणि जुडगा पुन्हा कमरेला लावला.

चारच दिवसांत ती नामपूरला गेली. गाडीची चावी आता एकटी, सुतळीत बांधलेली. पहिल्या सकाळी अख्खा स्टँड बघायला जमला. चावी फिरवताच गाडी चालू झाली, आणि लोक हिरमुसले होऊन पांगले.

सगळ्यात जास्त हिरमुसला गोटीराम, हे त्याला चार-पाच दिवसांनी कळलं. गाडी रोज चालत होती, फेऱ्या भरत होत्या, भिकनला मुलगा झाल्याचं कळलं होतं. निरोप धाडायला काही कारणच उरलं नव्हतं. कांद्याचा ट्रक समोरून जायचा आणि तो नुसता बघत राहायचा. शेवटी एका रविवारी त्यानं प्रवासी न घेताच गाडी नामपूरच्या रस्त्याला लावली.

भिकन ओट्यावरच होता. "जय भीम, दाजी," म्हणून तो उठला, आणि काळजीनं त्यानं विचारलं, "गाडी परत बिघडनी का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शकुबाईनं पिशवी भरली असती. पण आत ओली बाळंतीण होती, आणि इतक्या वर्षांत आपण नेमकं काय बोललो नाही हे त्याला त्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर कळलं.

"गाडी ठणठणीत हाय," तो म्हणाला. "मलाच करमत नाय. म्हणून आलो."

भिकन खो-खो हसला. शकुबाई बाळ खांद्यावर घेऊन दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती मात्र हसली नाही.

"गाडीसाठी दर येळी धावत आले मी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आले नसते का?"

तिनं त्याला ओट्यावर बसवलं, बाळ त्याच्या मांडीवर दिलं, मान कशी धरायची ते दाखवलं आणि चहा टाकायला आत गेली.